बेट होऊ द्यायचं नसतं

मला चिठ्ठीत बेट निघालं, तिथून हे सगळं सुरू झालं.

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय आयत्या वेळी चिठ्ठी उचलून मिळतो. माझ्या आधीच्या मुलीला ‘मोबाइल: शाप की वरदान’ आला. तिच्या आधीच्या मुलाला ‘पाण्याचे महत्त्व’ आला, आणि आम्ही सगळेच बीड जिल्ह्यातले असल्यामुळे त्याला तयारीच करावी लागली नाही. मी चिठ्ठी उघडली तर आत ‘सूर्यप्रकाशाने समृद्ध बेटे आणि सौरऊर्जेची संधी’. मी नववीत आहे. समुद्र पाहिलेला नाही. बेट बांबूचं असतं, एवढंच मला खात्रीने माहीत होतं. विचार करायला पाच मिनिटं होती, त्यातली दोन मी पाणी पिण्यात घालवली.

पण मी बोलले. अशी बोलले की आजही माझा मला विश्वास बसत नाही. बेटावर ऊन असतं, बेटापर्यंत वीज जात नाही, मग बेटाने दुसऱ्याच्या तारेची वाट का बघायची, असा मी सभागृहाला सवाल केला. सभागृहाला उत्तर आलं नाही. शेवटी मी हात वर करून म्हणाले, “परीक्षक महोदय, आमचं नेकनूर हेसुद्धा एक बेटच आहे. भोवती पाणी नाही, एवढाच काय तो फरक!” टाळ्या इतक्या वाजल्या की वेळ संपल्याची घंटा कोणालाच ऐकू आली नाही. पहिला नंबर.

त्याआधी मी हजेरीला ‘हजर’सुद्धा हळू म्हणायचे. बाई मला दोनदा गैरहजर लावून मोकळ्या झाल्या होत्या. त्या दिवसानंतर मात्र मी घरी, दारी, नळावर, जिथे जागा मिळेल तिथे बेटावर बोलू लागले. आठ दिवसांत आमच्या गल्लीला बेटांची इतकी माहिती झाली, जितकी खुद्द बेटावरच्या लोकांना नसेल.

त्यात आईने काहीतरी वेगळंच ऐकलं. एका दुपारी ती म्हणाली, “आमू, म्हणजे लाईट गेली तरी चालती का गं ही सोलर?”

“आई, ऊन आहे तोवर चालणारच!” मी म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे बऱ्याच जणांनी ऐकवलं.

आईला शेवयांची मशीन घ्यायची होती. विजेवरची. दर उन्हाळ्यात आई शेवया करायला सरस्वतीबाईंच्या मशीनवर जायची. तिथे रवा मळून आणलेले डबे ओळीने लावतात आणि नंबराने घेतात. आई दहाला गेली तरी तिचा नंबर शेवटी, सातला गेली तरी शेवटी. का, ते तिथे कोणी सांगायचं नाही, आणि आईही विचारायची नाही. घरी आल्यावर डबा तेवढा जरा जोरात ठेवायची. आता स्वतःची मशीन घ्यायची म्हटलं तर आमच्याकडे लाईट अकराला जाते ती तीनला येते, आणि बायका कामं उरकून मोकळ्या होतात त्या अकरालाच. सरस्वतीबाईंकडे जनरेटर आहे. आमच्याकडे ऊन आहे. हिशेब सरळ होता.

पैशांचं मी लिहीत नाही, कारण पप्पांनी लिहू नको म्हणून सांगितलंय.

पप्पा, म्हणजे अनिल, बीडला एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतात. लोकांचे अर्ज घ्यायचे, चष्मा वर करून बघायचे आणि “उद्या या” म्हणायचं, हे काम ते बावीस वर्षं निष्ठेने करताहेत. त्यामुळे सोलरचा अर्ज आपण चुटकीसरशी करू असं त्यांना वाटलं. पण आमच्या घराचं मीटर आजोबांच्या नावावर निघालं. आजोबांचं नाव तात्याबा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण बिल ते अजूनही वेळेवर भरतात.

पप्पा रजा टाकून खिडकीवर गेले. खिडकीतल्या माणसाने कागद घेतले, चष्मा वर केला.

“मूळ ग्राहक कुठंय?”

“वारले.”

“दाखल्यावर तात्याबा हाय, बिलावर टट्याबा हाय. मेले ते तात्याबा. टट्याबा मेल्याचा पुरावा कुठंय?”

पप्पांनी दाखला आणि बिल शेजारी-शेजारी धरून बघितलं.

“उद्या या.”

पप्पा घरी आले ते न जेवता पंख्याखाली बसले. आईला वाटलं अपमान झाला म्हणून. थोड्या वेळाने म्हणाले, “हरकत एकदम बरोबर काढली त्याने. मीपण हीच काढली असती.” मग परत थोड्या वेळाने, “पण ‘उद्या या’ म्हणायची गरज नव्हती.” पुढे सात उद्या गेले. आठव्या उद्याला दोघांनी मिळून चहा घेतला, टट्याबा आणि तात्याबा एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र झालं, आणि माझे आजोबा सरकारदरबारी रीतसर वारले.

मग नवनाथभाऊ आला. नवनाथभाऊ शिरूर कासारचा. त्याचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. तो मात्र आयटीआय करून लोकांच्या छपरांवर चढला. त्याने गच्ची मोजली आणि म्हणाला, “ताई, खाली बसवू, गुडघ्याएवढं. वाऱ्याला चांगलं.”

“गुडघ्याएवढं?” आई म्हणाली. “आन् माझं वाळवण? वाकून वाकून ठिवू का? डोकं आपटंल की.”

आईच्या डोक्यासाठी लोखंडी पाइप मागवले आणि पॅनल आठ फुटांवर गेले. खालून ताठ मानेने चालता येईल असं. ते पूर्ण झालं तेव्हा शेजारचे राधाकिशनकाका त्यांच्या गच्चीवरून अर्धा तास बघत होते. काका निवृत्त आहेत. कशातून, ते आम्हाला नक्की माहीत नाही, पण सल्ला देण्यातून नाही.

“अनिलराव,” ते म्हणाले, “बीडची गाडी हितंच थांबती का आता?”

गल्लीने तेव्हापासून आमच्या गच्चीला ‘स्टँड’ नाव ठेवलं.

“आन् तोंड दक्षिणेला कावून केलं? दक्षिणेला तोंड करून कुणी शुभ काम करतं का?”

“काका, सूर्य तिकडंच असतोय,” नवनाथभाऊ वरून म्हणाला.

“त्याचं त्याला निस्तरू दे. तुमी निदान थोडं पूर्वेला वळवा. दोघांचं बी मन राहील.”

मी म्हणाले, “काका, तुम्ही सूर्यालाच सांगून बघा ना, तो ऐकेल तुमचं.” आधीची मी असते तर हे मनात म्हणाले असते. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

काकांच्या बायकोचा, म्हणजे वच्छलाकाकूंचा, प्रश्न निराळाच होता. गल्लीत मोठी पक्की गच्ची एकट्या आमचीच, त्यामुळे काकूंचं वाळवणसुद्धा दर वर्षी आमच्याच गच्चीवर. त्या वर आल्या, पॅनलखाली पडलेल्या सावलीकडे त्यांनी बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

“अर्धं ऊन खाल्लं की गं तुमी! माझ्या कुरडया कुठं घालू?”

“काकू, त्या अर्ध्यात घाला ना.”

“ते तुमच्या वाटणीचं. हे माझ्या वाटणीचं होतं.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “नळ कुठंय?”

“कसला नळ?”

“अगं सोलर हाय ना? गरम पाण्याचा नळ!”

मी त्यांना समजावलं की हे पाणी तापवायचं सोलर नाही, विजेचं आहे. काकूंनी ऐकून घेतलं आणि गच्चीवरच्या आमच्या काळ्या टाकीची तोटी सोडली. एप्रिल महिना. टाकीतून चहा करता येईल असं पाणी आलं. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मला येडी समजती का?” आणि बादली भरून घेऊन गेल्या. तेव्हापासून त्या रोज पाणी न्यायच्या, आणि सोलर लई भारी चालतंय असं गल्लीत सांगायच्या.

सोलर सुरू झालं आणि चमत्कार झाला. अकरा वाजले, लाईट गेली नाही. बारा वाजले, पंखा चालू. आई मीटरसमोर पाट टाकून बसली. तीन वाजले! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठ दिवस आमच्या घरात लाईट गेली नाही. मी वहीत रोजची नोंद ठेवली आणि खाली सही केली.

काकू म्हणाल्या, “पण आमची बी न्हाई गेली.”

आता मी जे म्हणाले ते मी अत्यंत शांतपणे म्हणाले, कारण मला त्यातलं कळत होतं. “काकू, आमची उरलेली लाईट तारेतून तुमच्याकडे येते. आमचीच आहे ती.”

काकू विचारात पडल्या. संध्याकाळी त्यांनी वाटीभर आमरस पाठवला. मी तो गल्लीच्या वतीने स्वीकारला.

ह्या आठ दिवसांत तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न आमच्याच गावात होतं, मांडवात कूलर बसवले होते, आणि पाहुण्यांना उकडू नये म्हणून सबंध गावाची लाईट वरून सांगून चालू ठेवली होती, ही बाब आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नाही. आम्ही लग्नाला जेवूनसुद्धा आलो.

लग्न शनिवारी संपलं. आईने मशीनसाठी रविवार धरला.

नवी आणलेली मशीन ओसरीच्या आतल्या खोलीत ठेवली होती, कारण सॉकेट तिथे होतं. पप्पांनी खडूने जमिनीवर एकपासून पुढे आकडे काढले, प्रत्येक आकड्यावर एक डबा. “आवक नोंद,” ते म्हणाले. आई सकाळी सहापासून नवी साडी नेसून दारात उभी होती. मला माहीत होतं ती काय मोजत होती. कोण येतं ते. आमच्या वस्तीतल्या बायका येणारच होत्या. प्रश्न बाकीच्यांचा होता. वच्छलाकाकू आमच्याकडे चहा घेतात, पण ओट्यावर बसून. आत कधी आल्या नव्हत्या.

साडेनवाला काकू डबा घेऊन आल्या. ओट्यावर थांबल्या. “पहिला नंबर कुठंय?”

“आत हाय,” आई म्हणाली.

काकूंनी आत बघितलं. मागून दोन बायका डबे घेऊन येताना दिसत होत्या. काकू झटकन आत शिरल्या आणि एक नंबरवर डबा ठेवून त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या. साडेदहापर्यंत तेरा डबे झाले. आईने चौदावा आकडा पुसून टाकला, का ते मी विचारलं नाही.

मी छोटंसं भाषण केलं. छोटंसं म्हणजे पंधरा मिनिटांचं, आणि ती माझी चूक होती हे मी मान्य करते, कारण भाषण संपून आईने बटण दाबलं, मशीन घर्रर्र करून सुरू झाली, काकूंचा गोळा आत गेला, पहिल्या शेवया चार बोटं खाली आल्या, सगळ्या बायका पुढे वाकल्या, आणि अकरा वाजले.

मशीन थांबली. पंखा थांबला. शेवया चार बोटं तशाच लोंबत राहिल्या.

“लाईट गेली वाटतं,” कोणीतरी म्हणालं.

“आपली जात नसते,” मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी गच्चीवर पळाले. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. पॅनल चकचकत होते. खाली येऊन मी बटण चालू-बंद केलं, मीटरला टिचकी मारली. मग नवनाथभाऊला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती दुसरी चूक.

“ताई, लाईट गेली असंल,” नवनाथभाऊ म्हणाला.

“गेली म्हणूनच तर सोलर पाहिजे ना!”

“लाईट गेली की ते पण बंद होतंय. तुमी बॅटरी न्हाई घेतली. ऑनग्रिड हाय ते, लाईनीच्या जोरावर चालणारं.”

“पण ऊन आहे!”

“ऊन असू द्या की. लाईन बंद असताना तुमचं एकटं घर चालू राहिलं तर त्याला आयलँडिंग म्हणत्यात. आयलँड. बेट. बेट होऊ द्यायचं नसतं, ताई. तुमची लाईट उलटी तारेत जाती, आन् पोलवर वायरमन चढलेला असला तर खलास. म्हणून सोलरची मशीनच स्वतःला बंद करून घेती. कागदावर लिहिलेलं हाय, सही हाय तुमच्या पप्पांची.”

पप्पांनी चष्मा वर केला आणि खाली केला.

तेरा डब्यांवरची तेरा ओली फडकी हळूहळू सुकत होती. बेटावर पहिला नंबर मिळवलेली मी तिथे बंद फोन हातात धरून उभी होते. आई म्हणाली, “कोण चढलंय का बघ खरंच.” हे तिने का विचारलं ते मला कळलं नाही. बहुतेक कोणासाठी तरी हे सगळं होत असेल, तर तो माणूस तरी बघावा म्हणून.

आम्ही सगळ्या गच्चीवर गेलो. कोपऱ्यावरच्या पोलवर खरंच नाथा वायरमन चढलेला होता. लाईट नसते तेवढ्यात तो पोलवरची कामं उरकतो. एवढ्या बायका एकदम आपल्याकडे टक लावून बघताहेत म्हटल्यावर तो कावराबावरा झाला. त्याने शर्टाची बटणं लावली.

“ह्याच्यापायी का?” वच्छलाकाकू म्हणाल्या.

“हो.”

काकूंनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. “राहू दे. जगू दे त्याला. चार लेकरं हायत.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आन् आमची बी गेली. तुमची बंद पडली म्हणून का गं?”

मला आमरस आठवला.

तेवढ्यात मागे एक बाई हळूच म्हणाली, “सरस्वतीबाईकडं जनरेटर हाय. गोळा वाळून जाईल इथं.” दुसरीने मान हलवली. दोघी जिन्याकडे निघाल्या. आईने पदर नीट केला आणि जिन्यातून बाजूला झाली, जायला वाट देण्यासाठी. माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट काही बघितलेलं नाही, आणि मी गणिताचे पेपर बघितलेत.

“कुठं निघाल्या गं?” काकू गरजल्या.

“तिकडं. मशीनवर.”

“तिकडं आत्ता पंचवीस डबे असतील. हितं माझा पहिला नंबर हाय! पहिला! बत्तीस वर्षं झाली लग्नाला, कुठंच पहिला लागला न्हाई. आता तिकडं जाऊन सव्विसावी होऊ का?”

“पण मशीन बंद हाय, काकू.”

“बंद हाय तर हाय. नंबर चालू हाय.” आणि काकू आपल्या गच्चीकडे तोंड करून ओरडल्या, “अवो! माळ्यावरचं हातयंत्र काढा! शेवयाचं! आन् बाज बी आणा!”

राधाकिशनकाकांनी विचारलं, “कोणत्या दिशेला ठेवायची बाज?”

“तुमच्या डोक्यावर!”

काका मुकाट्याने यंत्र घेऊन आले. जुनं, दांडा फिरवायचं, लोखंडी. बाज गच्चीवर चढवली. आता ती ठेवायची कुठे? उन्हात पाय टेकवत नव्हता. सगळ्यांनी एकदम पॅनलकडे बघितलं. आठ फूट उंच, खाली ताठ मानेने उभं राहता येईल अशी अख्खी सावली, आणि वरून वारा. गल्लीत एप्रिलच्या दुपारी असा गारवा कुठेच नव्हता.

“ठिवा स्टँडखाली,” काकू म्हणाल्या.

यंत्र बाजेला आवळलं. एक दांडा फिरवायची, एक गोळा दाबायची, एक शेवया काठीवर धरून पलीकडच्या अर्ध्यात, उन्हात नेऊन घालायची. पप्पा खाली जाऊन आकडे खोडत होते आणि वर ओरडत होते, “नंबर चार!” निघालेल्या दोघी परत फिरल्या. त्यांचे नंबर सहा आणि नऊ होते, ते पप्पांनी तसेच ठेवले. दांडा फिरवून माझे हात गळून आले. बोलायला जागाच नव्हती, कारण सगळ्याच बोलत होत्या. सरस्वतीबाईंच्या जनरेटरचा वास शेवयांना कसा येतो, यावर दीड तास गेला.

दोन वाजता नाथा पोलवरून उतरून पाणी मागायला वर आला. सावलीत टेकला, डबे, बायका, बाज, सगळं बघितलं आणि विचारलं, “बीडची गाडी किती वाजता हाय?”

“तू गप बस,” काकू म्हणाल्या. “तुझ्यापायीच चाललंय हे.” पण पाणी त्यांनीच दिलं. आमच्या माठातलं, आमच्या पेल्यातून, आणि उरलेलं स्वतः प्यायल्या.

तीन वाजता लाईट आली. खाली बटण तसंच राहिलं होतं, मशीन एकटीच घर्रर्र करत सुरू झाली. वर सगळ्या क्षणभर थांबल्या.

“जाऊ का खाली?” मी विचारलं.

“तेरावा चालूय,” काकू म्हणाल्या. “संपू दे.”

तेरावा संपला. बायका आपापल्या शेवयांच्या काठ्या वळवायला उन्हाकडे गेल्या. आई उठली, खाली गेली आणि स्वतःचा डबा घेऊन आली. पहाटे पाचला मळलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. सगळ्यात आधी मळलेला तोच होता.

“चौदा,” ती म्हणाली.

“अगं, तुझा शेवटी कावून?” काकूंनी विचारलं.

“माझी मशीन हाय,” आई म्हणाली. “मी लावीन तिथं माझा नंबर.” आणि तिने बाजेवर बसून दांडा काकूंच्या हातात दिला.